हँडल आत गेलं म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला असं नाही: मोटरहोमच्या सांडपाण्याच्या गळतीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साठीतलं एक जोडपं. ओळख लपवायची म्हणून त्यांना इथे काका आणि काकू म्हणतो. मीही त्यांना तसंच म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी नऊ वर्षं वापरलेलं एक मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) विकत घेतलं आणि वर्षातले चार-पाच महिने त्यातच राहू लागले. मी ना मेकॅनिक ना प्लंबर. हातात पाना धरायची भीती वाटत नाही आणि स्वतःच्या गाडीखाली दोन-चारदा झोपलोय, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे या प्रकरणातल्या काही चुका माझ्याही आहेत.

गाडीत सांडपाण्याच्या दोन टाक्या. एक ग्रे टाकी, म्हणजे सिंक आणि शॉवरचं पाणी जमा होतं ती. दुसरी ब्लॅक टाकी, संडासाची. (‘काळं पाणी’ हा शब्द मराठीत आधीच वेगळ्या शिक्षेसाठी राखून ठेवलेला आहे, म्हणून ब्लॅकच म्हणू.) प्रत्येक टाकीच्या तळाशी एकेक गेट व्हॉल्व्ह: ब्लॅकला 3 इंची, ग्रेला दीड इंची. गेट व्हॉल्व्ह म्हणजे खाचेत सरकणारं एक सपाट पातं, पात्याच्या दोन्ही अंगांना रबरी सील, आणि हे सगळं दोन फ्लँजांच्या, म्हणजे पाइपांच्या टोकाच्या रुंद कडांच्या, मध्ये चार बोल्टांनी आवळलेलं. दोन्ही व्हॉल्व्हच्या पुढे पाइप एकत्र येतात आणि एकाच 3 इंची तोंडातून बाहेर पडतात. त्या तोंडावर फिरवून बसवायची टोपी असते. टाक्या रिकाम्या करायच्या तेव्हा ही टोपी काढायची, तिथे नळी जोडायची आणि मग व्हॉल्व्ह उघडायचा.

एक तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह तोंडाच्या अगदी जवळ, त्याचा दांडा थेट हाताशी. ग्रे टाकी मात्र गाडीच्या पुढच्या बाजूला, म्हणून तिच्या व्हॉल्व्हचं हँडल बाजूच्या कप्प्यात आणि तिथून व्हॉल्व्हपर्यंत दोनेक मीटरची केबल.

अडचण

टोपी काढली की पाणी पडायचं. सुरुवातीला पेलाभर, नंतर तांब्याभर. दोन्ही हँडलं पूर्ण आत, म्हणजे व्हॉल्व्ह ‘बंद’, तरीही. वासाबद्दल न लिहिलेलंच बरं. एकदा काकांच्या बुटात गेलं. त्यानंतर टोपी काढणं हा घरातला तंट्याचा विषय झाला. काका हातमोजे घालून, तोंड एका बाजूला वळवून, खाली बादली धरून टोपी फिरवायचे, आणि काकू दहा फुटांवरून सूचना द्यायच्या.

टोपी घट्ट होती, तिचं रबर चांगलं होतं, म्हणून रस्त्यावर काही सांडत नव्हतं. “बाहेर तर काही येत नाही ना, मग चालू दे,” असं काका बरेच महिने म्हणत होते. काकूंचं म्हणणं एका वाक्यात होतं: “अहो, टोपी म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे.” त्या बरोबर होत्या. टोपीचं काम फक्त शेवटचे थेंब अडवणं. तिच्यामागे भरलेला पाइप उभा असेल तर ती उघडणाऱ्याची फजिती ठरलेलीच.

मी येण्यापूर्वी काय काय झालं होतं

सांडपाण्याला घाण वास आला म्हणजे ते संडासाच्या टाकीतलं, असं दोघांनीही धरून चाललं होतं. मीही फोनवर ऐकलं तेव्हा तसंच धरलं. त्या गृहीतकावर काकांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली, संडासातून दोन पिशव्या बर्फ आणि भांड्यांचा साबण टाकून तासभर गाडी फिरवली. बर्फाचे खडे आपटून टाकी घासली जाते, असा समज आहे. दुसरी, संडासातून खाण्याचं तेल ओतलं, सील मऊ व्हावं म्हणून. तिसरी, नवा 3 इंची व्हॉल्व्ह मागवून ठेवला.

पहिल्या दोन उपायांत एकच खोट आहे. बर्फ तरंगतो, तेलही तरंगतं. व्हॉल्व्ह मात्र टाकीच्या तळाशी. टाकीत थोडंफार पाणी असेल तर तेल त्या पाण्यावर तवंग धरून बसतं आणि टाकी रिकामी होताना सगळ्यात शेवटी व्हॉल्व्हपाशी पोचतं, तेही बहुतेक टाकीच्या भिंतींना माखून झाल्यावर. शिवाय सील कोणत्या रबराचं आहे हे ठाऊक नसताना मिळेल ते तेल-ग्रीस लावू नये. खनिज तेलाने आणि पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस त्या मानाने निर्धास्त.

तिसऱ्या गोष्टीची खोट आणखी साधी होती. व्हॉल्व्ह चुकीच्या टाकीचा मागवला होता. पण ते कळायला अजून वेळ होता.

निदान: दोन रंग आणि एक पांढरं घमेलं

मी पोचलो तेव्हा काका नवा व्हॉल्व्ह घेऊन तयारच होते. इथे पहिला खरा निर्णय होता: लगेच पाना हातात घ्यायचा, की एक दिवस तपासणीत घालवायचा. काकांना घाई होती. “अरे, आणलाय तर बसवून टाकू,” असं त्यांचं. पण गाडीखाली जाण्याआधी पाणी नेमकं कुठून येतं हे बघायला खर्च काहीच नव्हता, म्हणून मी अडून बसलो.

दोन्ही टाक्या अधिकृत जागी रिकाम्या केल्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतल्या. मग दोन्हींत अंदाजे निम्मं स्वच्छ पाणी भरलं. ब्लॅक टाकीत खाण्याचा लाल रंग, ग्रे टाकीत निळा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, टोपी काढलेली, तोंडाखाली पांढरं घमेलं. मग चहा.

पहिल्याच तासात घमेल्यात निळं पाणी जमलं. लाल नावालाही नाही. तीन सेकंदांना एक थेंब, घड्याळ लावून मोजला.

काकांचा विश्वास बसेना. वासाचं काय? वासाचं उत्तर सोपं आहे: शॉवर-सिंकचं पाणी टाकीत दोन दिवस बंद राहिलं की साबण, चरबी आणि अन्नकणांवर जिवाणू पोसले जातात आणि त्याचा वास संडासाच्या टाकीला लाजवेल असा येतो. वासावरून टाकी ओळखता येत नाही.

तीन सेकंदांना एक थेंब ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून हिशेब करून दाखवला. मिनिटाला 20 थेंब. साधारण 20 थेंबांचा एक मिलीलिटर होतो. म्हणजे तासाला 60 मिलीलिटर, दिवसाला जवळजवळ 1.4 लिटर. आता 3 इंची पाइपच्या एक मीटर लांबीत सुमारे 4.5 लिटर पाणी मावतं. दोन्ही पाइप एकत्र येतात तिथपासून टोपीपर्यंतचा त्यांचा पाइप दीड वीतही नव्हता. एक दिवस गाडी उभी राहिली की तो तुडुंब. बुटात गेलेलं पाणी तेच. आणि हे मोजमाप टाकी अर्धी असतानाचं. पूर्ण भरल्यावर वरून दाब वाढतो, थेंबही वाढतात.

रात्रभर घमेलं तसंच ठेवलं. सकाळी निळ्या पाण्यात जांभळी झाक. म्हणजे लालही कुठूनतरी येत होतं. मग ग्रे टाकी रिकामी करून आणखी एक रात्र फक्त लाल पाण्यावर काढली. सकाळी घमेल्यात दोन चमचे लाल पाणी, दहा मिलीलिटरच्या आसपास. दोन्ही व्हॉल्व्ह गळत होते; पण एक ओक्साबोक्शी रडत होता आणि दुसरा नुसता डोळे पुसत होता.

आणखी एक पुरावा सहज मिळाला. गाडीच्या पोटाखाली टाक्यांना झाकणारा प्लॅस्टिकचा पत्रा होता. त्याच्या कडेचे स्क्रू सोडून एक बाजू खाली वाकवली, आत हात घातला, तर ठणठणीत कोरडं. फ्लँजच्या सांध्यातून किंवा दांड्याच्या भोकातून गळती असती तर पाणी त्या पत्र्यात साचलं असतं. पत्रा कोरडा आणि तोंडातून थेंब, याचा अर्थ पाणी व्हॉल्व्हच्या आतूनच, पात्याच्या कडेने निसटत होतं.

पर्याय कोणते होते

काहीच न करणं हा पर्याय आम्ही गंभीरपणे धरला नाही, जरी काका वर्षभर तेच करत होते.

तोंडावर दुसरा व्हॉल्व्ह बसवणं हा फार लोकप्रिय उपाय आहे. टोपीच्या जागी फिरवून बसवायचा तयार व्हॉल्व्ह मिळतो. पाच मिनिटांचं काम, गाडीखाली जायला नको. माझं मत थोडं वेगळं आहे. मूळ व्हॉल्व्ह गळत असताना हा लावला तर गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. मधल्या पाइपात घाण साचते आणि ग्रेचं पाणी ब्लॅकच्या पात्याला बाहेरून भिजवत राहतं. मूळ दुरुस्तीनंतर, दुसरं कुलूप म्हणून, तो उत्तम. काकूंना तो हवाच होता. त्या वादाकडे शेवटी येतो.

कार्यशाळेत नेणं हाही पर्याय होता. एका ठिकाणी विचारलं, त्यांनी तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली आणि फोनवरच “ब्लॅकचा व्हॉल्व्ह बदलू” म्हणाले. आम्ही त्यांना जे सांगितलं होतं त्यावरून त्यांनी तसं म्हणणं रास्तच. पण रंग टाकून पाहिलं नसतं तर नव्या व्हॉल्व्हसह गळती तशीच घेऊन परतलो असतो.

उरले तीन: आतून स्वच्छ करणं, केबल जुळवणं, आणि सील किंवा अख्खा व्हॉल्व्ह बदलणं. यांतलं आधी काय करायचं हे ठरवताना मी माझ्या अंदाजावर विसंबलो. सील झिजलं असणार, केबल ठीक असणार, कारण हँडल लोण्यासारखं सरकत होतं. हा अंदाज अर्धा चुकला.

चार मिलीमीटर

पत्रा वाकवलेलाच होता, म्हणून खाली झोपून ग्रे व्हॉल्व्ह बघितला. (गाडी समतल जमिनीवर, चाकांना अडसरी ठोकळे लावलेली आणि स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. हातमोजे आणि चष्मा, दोन्ही सक्तीचे. मोजे फाटतात, म्हणून दोन जोड.)

काकूंनी वरून हँडल पूर्ण आत ढकललं. मी खालून व्हॉल्व्हच्या दांड्याला अंगठा लावून दाबला. दांडा आणखी आत गेला. पट्टी लावली: चार मिलीमीटर.

ग्रे टाकीत पुन्हा निळं पाणी भरलेलं होतंच. काका तोंडाशी थेंब मोजत होते. माझा अंगठा दांड्यावर असताना मिनिटाला तीन थेंब. अंगठा सोडला, हळूहळू पुन्हा वीस. म्हणजे गळतीचा मोठा वाटा सीलचा नव्हताच. पातं शेवटपर्यंत पोचतच नव्हतं.

कारण समजायला सोपं आहे, पण तोवर आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. केबल म्हणजे नळीत घातलेली तार. तार ओढली तर ताण सरळ पोचतो. ढकलली तर ती नळीत नागमोडी होते, आणि जितकी वळणं जास्त तितकी तिची ढकल वाटेतच जिरते. या व्हॉल्व्हमध्ये उघडणं म्हणजे ओढणं आणि बंद करणं म्हणजे ढकलणं. त्यामुळे केबल थकली की व्हॉल्व्ह उघडतो झकास, आणि बंद होताना हळूच दगा देतो. वर बसलेल्या माणसाला काही कळत नाही, कारण हँडल कप्प्यातल्या पत्र्याला टेकलेलं असतं. त्याच्या लेखी काम झालेलं.

शिवाय ही केबल गाडीच्या एका आडव्या तुळईवरून जवळजवळ काटकोनात वाकवून नेलेली होती. कुणी आणि का नेली, देव जाणे.

इथे दुसरा निर्णय. केबल जुळवली की मिनिटाला तीन थेंब राहतात, म्हणजे दिवसाला पावशेरभर पाणी. तेवढ्यावर थांबायचं? काका लगेच तयार. “वीसवरून तीनवर आलो की!” पण पत्रा उघडलेला, गाडी स्टँडवर, टाकी धुतलेली. खरी मेहनत ही होती आणि ती होऊन गेली होती. उरलेले तीन थेंब सीलचे किंवा घाणीचे असणार आणि ते वाढणार. नुसतं सील बदलायलाही तेच चार बोल्ट काढावे लागतात, म्हणून अख्खा व्हॉल्व्ह नव्या सीलांसह बदलायचं ठरलं.

फक्त हातात व्हॉल्व्ह होता 3 इंची. दीड इंची यायला चार दिवस लागले. ते चार दिवस काका फारसे बोलले नाहीत.

व्हॉल्व्ह बदलताना

टाकी पुन्हा रिकामी केली, गाडी मागच्या बाजूने किंचित उचलून उतार दिला म्हणजे तळाशी पाणी उरू नये. तरीही बोल्ट सोडल्यावर दोन पेले निघालेच. खाली परात होती.

चारही बोल्ट निघाले. फ्लँज अलगद फाकवून जुना व्हॉल्व्ह खाली ओढला. आत पाहिलं तेव्हा काकू म्हणाल्या, “हे काय, जटा?” केसांचा गुंता पात्याच्या खाचेत वळलेला, त्यावर साबण आणि चरबीचा राखाडी थर, त्यात वाळूचे कण. एका बाजूच्या सीलच्या ओठावर नखाएवढी चीर. पातं कायम अर्धवट बंद राहत असल्यामुळे त्याची कड नेहमी त्याच जागी रबरात रुतत होती. खाचेचं प्लॅस्टिकही ओरखडलेलं. नुसतं सील बदललं असतं तर फार दिवस टिकलं नसतं.

केस आणि वाळू तिथे का जमली? कॅम्पवर सांडपाण्याची जोडणी मिळाली की हे दोघं ग्रेचा व्हॉल्व्ह दिवसरात्र उघडाच ठेवत. सोयीचं असतं, बरेच जण ठेवतात. पण पातं बाहेर ओढलेलं असताना त्याची खाच वाहत्या पाण्याला उघडी पडते, आणि दिवसभर तिच्यावरून केस-चरबी वाहत राहते. मग एक दिवस निघायच्या वेळी व्हॉल्व्ह बंद करताना तो सगळा गाळ पात्याच्या पुढे दाबला जातो. टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवून मग एकदम सोडला तर पाण्याचा लोंढा खाच धुऊन नेतो.

नवा व्हॉल्व्ह घालताना माझी चूक झाली. पाइप ताठ होते, फ्लँज जेमतेम फाकत होते, आणि मी व्हॉल्व्ह जोर लावून आत सरकवला. दिसायला छान बसला. चार बोल्ट आवळले, टाकीत पाणी भरलं, आणि दोन मिनिटांत सांध्यातून बाहेर धार लागली. आधी निदान आतली गळती होती, आता मी बाहेरची जोडून दिली. काका काही बोलले नाहीत. फक्त परात पुढे सरकवली.

पुन्हा सगळं उघडलं. वरचं सील सरकवताना दुमडून जागेवरून निसटलं होतं. दुसऱ्या खेपेला तीन गोष्टी बदलल्या. पाइप चॅसीला टांगणारी पट्टी सैल केली, त्यामुळे फ्लँजमध्ये चार-पाच मिलीमीटरची जास्त फट मिळाली. सीलांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला, म्हणजे ती चिकटूनही राहतात आणि सरकतातही. आणि फ्लँज व सीलच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, फाइलच्या कव्हराचा पातळ प्लॅस्टिक तुकडा धरून व्हॉल्व्ह त्यावरून घसरवला. जागेवर आल्यावर तुकडे ओढून घेतले. मग बोल्ट लावण्याआधी बोटाचं टोक फटीतून सगळीकडे फिरवून पाहिलं. हे पहिल्या वेळी केलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता.

बोल्ट आवळण्याबद्दल: आधी चारही हाताने, मग पान्याने तिरक्या क्रमाने, एका वेळी पाव फेरा. प्रत्येक फेरीनंतर दांडा हाताने आत-बाहेर करून बघायचा. अंग प्लॅस्टिकचं आहे. जास्त आवळलं तर ते वाकून पातं आवळून धरतं आणि व्हॉल्व्ह जड होतो. इथे दाब तसाही फार नसतो. टाकीत 30 सेंटिमीटर पाणी असेल तर 3 इंची पात्यावर जेमतेम 1.4 किलोचा भार येतो, दीड इंचीवर त्याचा चौथा हिस्सा. हे बोल्ट ट्रकच्या चाकाचे नव्हेत.

केबल जोडताना क्रम उलटा केला. आधी पातं हाताने शेवटपर्यंत बंद केलं. मग वरचं हँडल कप्प्यातल्या पत्र्यापासून पाच मिलीमीटर बाहेर ठेवून, त्या स्थितीत तार दांड्याला कसली. आता हँडल ढकललं की आधी पातं टेकतं, हँडल पत्र्याला टेकतच नाही. हाताला जो ठोका जाणवतो तो व्हॉल्व्हचा असतो. तुळईवरचं काटकोनी वळणही काढून केबल मोठ्या वळणाने फिरवली आणि दोन ठिकाणी पट्टीने बांधली.

पातं पूर्ण बंद असताना हँडलच्या दांड्यावर, पत्र्याच्या अगदी लगत, काकूंनी नेलपॉलिशची लाल रेघ मारली. हँडल ढकलल्यावर रेघ पत्र्याच्या आत गेली तर केबल पुन्हा ढिली पडली असं समजायचं. ही कल्पना सर्वस्वी त्यांची.

निकाल

ग्रे टाकी काठोकाठ भरून 24 तास ठेवली. टोपी काढलेली, तोंडाखाली कोरडा टिश्यू. टिश्यू कोरडाच. मग खडबडीत रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवली आणि पुन्हा 12 तास. पुन्हा कोरडा. पत्र्याच्या आतही ओल नाही.

ब्लॅकच्या दोन चमच्यांचं काय करायचं, यावर मात्र मतं फाटली. काकांना घरात पडून असलेला 3 इंची व्हॉल्व्ह वापरायचाच होता. “आणलाय तर” हे कारण त्यांच्या डोक्यातून जाईना. मी आधी धुण्याचा आग्रह धरला. रात्रभरात दहा मिलीलिटर गळणाऱ्या व्हॉल्व्हचं सील फाटलेलं असण्यापेक्षा खाचेत काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता जास्त. ब्लॅकचा व्हॉल्व्ह तोंडासमोर सरळ रेषेत असल्याने टॉर्चच्या उजेडात पातं दिसत होतं. टाकीत स्वच्छ पाणी भरून व्हॉल्व्ह सात-आठ वेळा झटक्याने उघड-बंद केला, मधेमधे लांब नळीने खाचेवर पाण्याचा फवारा मारला. काय निघालं ते बघायला कुणी वाकलं नाही. त्या रात्री एकही थेंब नाही.

ग्रेच्या बाबतीत आधी नुसतं धुऊन का नाही पाहिलं, असं कुणी विचारेल. तिथे पातंच चार मिलीमीटर अलीकडे थांबत होतं. कितीही धुतलं तरी ती फट बुजणार नव्हती. ब्लॅकला केबलच नाही, दांडा थेट हातात, पातं शेवटपर्यंत जातंय हे कळत होतं. एकच लक्षण, पण दोन वेगळे आजार.

त्यानंतर एक संपूर्ण हंगाम गेला. ग्रे कोरडा आहे. ब्लॅकमधून कधीकधी चार-दोन थेंब येतात, विशेषतः बरेच दिवस गाडी उभी राहिल्यावर. पुन्हा धुतलं की थांबतात. रिकामी करताना ते आता आधी ब्लॅक सोडतात आणि मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या साबणाच्या पाण्याने नळी आणि तोंड दोन्ही धुऊन निघतात.

वेगळं काय करता आलं असतं

रंगाची तपासणी पहिल्या दिवशी. त्याला दोन चिमूट रंग आणि एक रात्र लागते. ती झाली असती तर बर्फ, तेल आणि चुकीचा व्हॉल्व्ह, तिन्ही टळले असते.

दांड्याला अंगठा लावून बघणं, सुटा भाग मागवण्याच्या आधी. केबलचा व्हॉल्व्ह असेल तर हे मी आता पहिलं करेन. हँडल हलकं सरकतंय म्हणून केबल ठीक, हा माझा तर्क उलटा होता: तार वाटेत वाकत असेल तेव्हाही हँडल हलकंच सरकतं, कारण पलीकडे फारसं काही हलतच नसतं.

केबल जुळवून तीन थेंबांवर थांबलो असतो तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर काही महिने चाललं असतं. प्रवासात, आडबाजूला असताना, सुटा भाग मिळत नसताना तोच निर्णय योग्य ठरला असता. आमच्याकडे वेळ होता आणि पत्रा उघडा होता, म्हणून आम्ही पुढे गेलो.

जुना व्हॉल्व्ह काढताना सीलची कोणती बाजू कुठे होती याचा फोटो काकूंनी काढला होता म्हणून निभावलं. मी काढला नव्हता. आणि दुसऱ्या माणसाशिवाय हे काम करू नये. एकाने थेंब मोजायचे, एकाने दांडा दाबायचा, हे एकट्याला जमण्यासारखं नाही.

राहिला तोंडावरच्या दुसऱ्या व्हॉल्व्हचा वाद. काका म्हणत होते, “अगं, आता नवीन बसवलाय, पुन्हा आणखी एक कशाला?” काकूंचं उत्तर: “दाराला कडी असली तरी अडसर असतोच की.” तो व्हॉल्व्ह बसला. काकांनी मागवलेला 3 इंची व्हॉल्व्ह वेष्टणासकट पलंगाखालच्या कप्प्यात आहे, आणि प्रत्येक वेळी ब्लॅकमधून एखादा थेंब दिसला की काका त्या कप्प्याकडे बघतात.